नोटिशीची मुदत आणि पायथनच्या काही ओळी

पालघर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर ‘सूचना’ नावाचं सदर आहे. तिथल्या तक्त्यात शीर्षक, वर्णन, प्रारंभ दिनांक, शेवटचा दिनांक आणि संचिका असे रकाने असतात. बहुतेक जण शीर्षक वाचतात आणि संचिकेवर बोट ठेवून पीडीएफ उघडतात. खरी मेख ‘शेवटचा दिनांक’ या रकान्यात असते. भूसंपादनाच्या २०१३च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घ्यायला कलम १५ प्रमाणे ६० दिवस मिळतात. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी ३० दिवस. पर्यावरणाच्या जनसुनावणीची सूचना २००६च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी निघावी लागते. मुदत टळली की नोटीस चालू यादीतून संग्रहात जाते, आणि हरकतीचा अर्ज घेऊन उशिरा पोचलेल्याला कारकून सभ्यपणे परत पाठवतो.

याच जिल्ह्यातल्या जव्हारहून मुख्यालय पालघर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मोखाडा त्याच्याही पलीकडे. खोडाळा किंवा सूर्यमाळच्या माणसाने जिल्हा कार्यालयाचा फलक दर आठवड्याला जाऊन वाचावा, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. त्यात दिवाळीनंतर निम्मी माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. फलकावरचा कागद वाचायला गावात कुणी नसतं, पण भट्टीवर गेलेल्याच्या खिशात फोन असतो. म्हणून हे वाचण्याचं काम संगणकाला लावून देता आलं तर बरं. ते येतं, आणि त्याला फार मोठा प्रोग्रामर लागत नाही. पायथन या संगणकभाषेची तोंडओळख असलेला कॉलेजचा विद्यार्थी, तालुक्याचा वार्ताहर किंवा संस्थेचा कार्यकर्ता हे करू शकतो. मात्र कुठे काय शोधायचं आणि कुठे हात घालायचा नाही, हे आधी कळायला हवं.

ब्रिटनमध्ये हे काम सोपं आहे, कारण तिथली व्यवस्थाच तशी आहे. बांधकाम आणि जमीनवापराच्या अर्जांची नोंदवही जनतेसाठी खुली ठेवणं तिथल्या स्थानिक संस्थांना १९९०च्या नगररचना कायद्याने बंधनकारक केलं. बऱ्याच नगरपालिकांनी ती ऑनलाइन ठेवताना मोजक्या एक-दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं घेतली, त्यामुळे सगळ्यांची पानं एकाच साच्यातली निघाली. मग कुणीतरी रुबी भाषेत ‘यूके प्लॅनिंग स्क्रेपर’ नावाची लायब्ररी लिहिली. पालिकेचं नाव द्यायचं, गेल्या सात दिवसांतले अर्ज मागायचे, यादी हजर. ऑस्ट्रेलियात ओपनऑस्ट्रेलिया फाउंडेशन ‘प्लॅनिंगअलर्ट्स’ चालवतं. तिथे आपला पत्ता नोंदवला की आसपासच्या बांधकाम अर्जाची ईमेल येते, आणि त्यामागे एकेका पालिकेचं पान वाचणारे स्वयंसेवकांचे छोटे प्रोग्राम असतात.

आपल्याकडे पंचाईत अशी की एका तालुक्यातल्या जमिनीवर काय होणार, याचे कागद पाच-सहा दारांत विखुरलेले असतात. जव्हार शहरात नगरपरिषद. ती १९१८ सालची, म्हणजे मुकणे संस्थानिकांच्या काळातली. मोखाड्यात नगरपंचायत. या शहरी संस्थांच्या बांधकाम परवानग्या राज्याच्या ‘महावास्तु’ या ऑनलाइन प्रणालीकडे वळवल्या गेल्या, आणि डिसेंबर २०२० पासून त्यांना एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत. ग्रामीण भागात ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला नगररचनाकाराची परवानगी लागणार नाही, असं शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलं. म्हणजे असं घर कुठल्याच ऑनलाइन यादीत सापडणार नाही, हे यादी करणाऱ्याने आधीच मनाशी धरावं. गावठाणाबाहेर तहसीलदार आणि जिल्हाधिकारी. जंगल आलं की जव्हार वन विभाग आणि केंद्राचं ‘परिवेश’ पोर्टल. त्यातही एक पोटभेद आहे: शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळते. ती प्रकरणं मोठ्या प्रस्तावांच्या यादीत शोधत बसू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जनसुनावण्या, महारेराकडे गृहप्रकल्प, आणि या सगळ्यांवर शासन निर्णयांचं वेगळं संकेतस्थळ.

इतकी दारं असली तरी सुरुवात एकाच दारापासून करावी, आणि ते जिल्ह्याच्या संकेतस्थळाचं असावं. देशभरातल्या बहुतेक जिल्ह्यांची संकेतस्थळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच मंचावर उभी आहेत, म्हणून त्यांची पानं एकसारखी असतात. ब्रिटनच्या ‘यूके प्लॅनिंग स्क्रेपर’ला जो फायदा मिळाला, तो आपल्याला इथे थोडाबहुत मिळतो. पालघरसाठी लिहिलेला प्रोग्राम थोड्या फेरफाराने शेजारच्या नाशिकलाही चालवून बघता येतो, आणि मोखाड्याच्या हद्दीवरच्या गावांना त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या नोटिसाही कधीकधी लागतातच.

साहित्य फार नाही. पायथन, त्यात पान आणणारी ‘रिक्वेस्ट्स’ आणि पानातला तक्ता उलगडणारी ‘ब्यूटिफुल सूप’. तक्त्याची प्रत्येक ओळ घ्यायची, तिच्यातले रकाने वेगळे करायचे, पीडीएफचा दुवा उचलायचा आणि हे सगळं ‘एसक्यूलाइट’च्या एका फाइलमध्ये टाकायचं. अनेक जण इथे एक्सेल वापरतात. तो मोह टाळावा. एसक्यूलाइटला सांगता येतं की हा दुवा आधी आला असेल तर पुन्हा घेऊ नको. एक्सेलमध्ये तीच नोटीस पाचदा येते आणि पाच नोटिसा निघाल्याची अफवा उठते.

प्रत्येक नोंदीला आणखी दोन रकाने जोडावेत. पहिला, ही नोटीस आपल्याला प्रथम कधी दिसली. प्रारंभ दिनांक १ तारखेचा आणि पानावर दर्शन १८ तारखेला, असं आढळलं तर हरकतीच्या अर्जात तो मुद्दा मांडता येतो. दुसरा रकाना पीडीएफच्या ठशाचा. संगणकाच्या भाषेत त्याला हॅश म्हणतात: फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. जुन्याच दुव्यावर नवी फाइल गुपचूप चढवली गेली, तर या रकान्यावरून ते पकडता येतं. मूळ पीडीएफ आणि मूळ पान, दोन्ही तारखेच्या फोल्डरात जसंच्या तसं साठवावं. उलगडण्याच्या प्रोग्रामात चूक निघाली तर पुन्हा सरकारी सर्व्हरकडे जावं लागत नाही.

जव्हार-मोखाड्यात हे चालवायचं तर आणखी एक पथ्य. पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्कचा भरवसा नसतो. शंभर पानं आणून शेवटी एकदाच साठवणारा प्रोग्राम नव्व्याण्णवाव्या पानावर मरतो आणि सगळं मुसळ केरात. एक ओळ आली की एक ओळ साठवायची, आणि पुन्हा सुरू केल्यावर जिथे थांबला तिथून पुढे जायचं, असं त्याला आधीपासून वळण लावावं. एखाद्या पानाने तीस सेकंदांत उत्तर दिलं नाही तर थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, तीनदा नाही म्हटलं तर नोंद करून पुढे सरकायचं. काही जण असा प्रोग्राम परदेशातल्या फुकटच्या सर्व्हरवर ठेवतात. आपली बरीच सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरून आलेल्याला दारच उघडत नाहीत, त्यामुळे तो तिथे मुकाट रिकाम्या याद्या गोळा करत बसतो. त्यापेक्षा घरचा जुना लॅपटॉप बरा.

सुरक्षा प्रमाणपत्राची अडचणही हमखास येते. सरकारी संकेतस्थळाची प्रमाणपत्रांची साखळी अपुरी असली की रिक्वेस्ट्स तक्रार करते आणि इंटरनेटवरचा कुणीतरी सल्ला देतो की तपासणीच बंद करून टाका. तसं करू नये. ब्राउझरमधून मधलं प्रमाणपत्र उतरवून प्रोग्रामला त्याचा पत्ता द्यावा. काम दहा मिनिटांचं आहे.

पुढच्या दारांवर तऱ्हा वेगवेगळ्या. जुन्या धाटणीच्या अनेक सरकारी संकेतस्थळांवर ‘पुढील पान’ हा साधा दुवा नसतोच. पानाच्या पोटात व्ह्यूस्टेट नावाचं एक लांबलचक गुप्त चिटोरं असतं. ते दर वेळी जसंच्या तसं परत पाठवलं तरच दुसरं पान मिळतं. ब्यूटिफुल सूपने ते चिटोरं काढायचं आणि पुढच्या विनंतीत घालायचं, इतकाच उपाय. रोजगार हमीच्या माहितीची पानं याहून खट्याळ: त्यांच्या दुव्यात डायजेस्ट नावाची सांकेतिक शेपटी असते, म्हणून नुसता गावाचा आकडा बदलून पत्ता बनवता येत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं पायरी-पायरीनेच उतरावं लागतं. परिवेशसारखी नवी पोर्टलं तर पान आल्यावर आतला मजकूर जावास्क्रिप्टने भरतात. तिथे रिक्वेस्ट्सच्या हाती रिकामा सांगाडा लागतो. लगेच ‘सेलेनियम’ किंवा ‘प्लेराइट’ने अख्खा ब्राउझर चालवायला घेऊ नये. आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा कप्पा उघडून बघावा. बहुतेक वेळा मजकूर जेसॉन स्वरूपात वेगळ्या पत्त्यावरून येताना दिसतो, आणि तो तक्त्यापेक्षा कितीतरी नीटनेटका असतो.

आणि कॅप्चा आला तर? तर थांबायचं. महाभूलेखचा सातबारा किंवा निविदांचं पोर्टल कॅप्चामागे आहे. तो कॅप्चा सोडवणारी सॉफ्टवेअरं मिळतात आणि ती वापरल्याची फुशारकी मारणारेही भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३(ब) मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो. उघड्या नोटिसा वाचणं आणि कुलूप लावलेलं दार उचकटणं यातला फरक न्यायालयात समजावून सांगण्याची पाळी येऊ देऊ नये. प्रत्येक संकेतस्थळाचं रोबोट्स डॉट टीएक्सटी हे पान आणि तळाशी दिलेलं कॉपीराइट धोरण आधी वाचावं. पायथनच्या स्वतःच्या सामानात रोबोट्सचं पान वाचणारा भाग असतोच. दोन विनंत्यांमध्ये पाच-दहा सेकंदांचा विसावा, काम रात्रीचं, आणि प्रोग्रामच्या ओळखीत स्वतःचा ईमेल. सर्व्हर सांभाळणाऱ्याला शंका आली तर त्याने विचारावं कुणाला, हे त्याला कळलं पाहिजे.

इथपर्यंत आलेल्याला वाटतं की अवघड भाग संपला. खरं तर तो पीडीएफ उघडल्यावर सुरू होतो.

जिल्ह्याच्या बऱ्याच नोटिसा म्हणजे सही-शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो. त्यातून अक्षरं काढायला ‘टेसरॅक्ट’ हे फुकट साधन आहे. ह्यूलेट-पॅकर्डने घडवलेलं हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये मुक्त झालं आणि त्याच्यासाठी मराठीचं प्रशिक्षित साहित्य उपलब्ध आहे. पान ३०० डीपीआयने चित्रात बदलावं आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र द्याव्यात, कारण गट क्रमांक कधी देवनागरी आकड्यांत तर कधी इंग्रजी आकड्यांत असतात. काही पीडीएफमध्ये मजकूर असतो, पण बाहेर काढला की नुसता रोमन अक्षरांचा कचरा येतो. तो कागद श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टात टंकलेला असतो. फॉन्ट ओळखून अक्षरं बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा अशा फाइलीलाही चित्र समजून टेसरॅक्टकडे सोपवणं वेळ वाचवतं.

मग पायथनच्या देवनागरीशी असलेल्या संबंधांचा अनुभव येतो. काही बाबतींत तो अगत्याने वागतो: ‘२०१४’ ही देवनागरी अक्षरं दिली तरी त्यांचा आकडा करून देतो. पण त्याच पायथनच्या नेहमीच्या नमुनाशोधात शब्द ओळखणारी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही खूण वापरली की तो काना-मात्रा आणि हलन्त यांना शब्दाचा भागच मानत नाही. ‘जव्हार’चे तीन तुकडे होतात, जव, ह आणि र. ‘मोखाडा’चे म, ख आणि ड. यादी रिकामी येते आणि शोधणाऱ्याला वाटतं, आपल्या तालुक्याची नोटीसच निघाली नाही. उपाय सोपा आहे: देवनागरीचा अक्षरपट्टा नमुन्यात स्पष्ट लिहावा, किंवा ‘रेजेक्स’ ही वेगळी लायब्ररी घ्यावी. जोडाक्षरांत लपलेले अदृश्य जोडक आधीच काढून टाकावेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतं. दिसतं एकच, संगणकाला मात्र दोन वाटतात.

तारखांचा घोटाळा याहून महाग पडतो. ‘पांडाज’ लायब्ररीला ०५/०६/२०२४ दिलं तर ती न सांगता अमेरिकी पद्धतीने ६ मे समजते. नोटिशीची मुदत ५ जूनला संपणार आणि यादी सांगणार, ती महिन्यापूर्वीच संपली. दिवस आधी येतो, हे तिला स्पष्ट बजावावं लागतं.

यापेक्षाही चिवट गोष्ट म्हणजे गावांची नावं. इंग्रजी कागदांत ‘जव्हार’ अनेकदा ‘जवाहर’ होऊन येतं आणि टेसरॅक्टही तीच चूक करतो. दोन्ही शोधावं, तर जवाहर नवोदय विद्यालय आणि जवाहर विहीर योजना यांचे कागद पुरासारखे येतात. ‘जवाहर’च्या पुढे-मागे पाच शब्दांच्या आत तालुका, नगरपरिषद किंवा पालघर असेल तरच घ्यायचं, अशी अट घातली की बराच गाळ खाली बसतो. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव १९९२ सालच्या बालमृत्यूंमुळे राज्यभर पोचलं. इंग्रजीत त्यातली ‘वांगणी’ दोन-तीन प्रकारे लिहिली जाते. त्यात ठाणे जिल्ह्यात, बदलापूरपुढच्या रेल्वेमार्गावर, दुसरी वांगणी आहे, बिल्डरांच्या जाहिरातींमुळे भलतीच प्रसिद्ध. महारेराच्या यादीत नुसतं नाव टाकून शोधणाऱ्याला जव्हारच्या डोंगरात अचानक टॉवर उगवल्यासारखे दिसतील.

जिल्हाही बदललेला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याआधीच्या प्रत्येक कागदावर ही सगळी गावं ठाणे जिल्ह्यात आहेत आणि २०११च्या जनगणनेत ती ठाण्याच्या ५१७ या संकेतांकाखाली मोजली गेली आहेत. विक्रमगडची बरीच गावं तर त्याही आधी जव्हार तालुक्यात होती. हा केवळ इतिहासाचा मुद्दा नाही. मुंबईच्या पाण्यासाठी पिंजाळ नदीवर धरण बांधायची शिफारस चितळे समितीने १९९४ मध्ये मध्य वैतरणा आणि गारगाईबरोबर केली होती. त्यातलं मध्य वैतरणा मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला उभं राहिलं. दमणगंगा-पिंजाळ नदीजोडचा अहवाल राष्ट्रीय जलविकास अभिकरणाने २०१४च्या मार्चमध्ये, म्हणजे जिल्हा विभागण्याच्या जेमतेम काही महिने आधी, पूर्ण केला. ‘पालघर’ एवढाच शब्द शोधणारा प्रोग्राम या भागावरचा सर्वांत मोठा प्रस्तावच चुकवेल. शोधाच्या शब्दांत गावाच्या जोडीला नदीचं नाव, धरणाचं नाव आणि जुना जिल्हा असायलाच हवेत.

या गोंधळावर सरकारनेच दिलेला एक उतारा आहे: पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’. प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला तिथे कायमचा संकेतांक आहे आणि यादी उतरवून घेता येते. आपल्या तक्त्यात गावाचं नाव कसंही येवो, त्याच्याशेजारी हा संकेतांक लिहिला की पुढचं सगळं जुळवणं सुकर होतं.

पण डिरेक्टरीत पाडे नसतात. कागदावर महसुली गाव असतं. माणसं राहतात पाड्यावर आणि नाव सांगतात पाड्याचंच. त्यात हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१४च्या ‘पेसा’ नियमांप्रमाणे एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येतं आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असते. नोटिशीतल्या गट क्रमांकाची जमीन नेमकी कुठल्या पाड्याच्या ग्रामसभेच्या हद्दीत येते, हे कुठलीही लायब्ररी सांगणार नाही. त्यासाठी तलाठी, वनहक्क समितीचा सचिव, आशाताई आणि गावातल्या दोन-चार जुन्या माणसांबरोबर बसून एक तक्ता हाताने भरावा लागतो: पाडा, महसुली गाव, ग्रामपंचायत, पेसा गाव, संकेतांक. पायथनचा भाग चार-सहा संध्याकाळींत होऊन जाईल. हा तक्ता नीट भरायला एक हंगाम लागला तरी तो वेळ वाया गेला असं समजू नये. पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

गोळा झालेलं काय प्रसिद्ध करायचं, याचाही विचार आधीच व्हावा. नोटिशीत खातेदारांची नावं, गट क्रमांक, क्षेत्र असं सगळं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी घेता येत नाही, तरीही दलाल फिरत असतातच. शेकडो नोटिसांतून नावं काढून एकच सुबक, शोधता येणारी यादी बनवली तर ती सगळ्यात आधी कुणाच्या उपयोगी पडेल, हे सांगायला नको. नावांचा रकाना बाहेर जाणाऱ्या तक्त्यातून सरळ गाळावा. गाव, विषय, क्षेत्र, कार्यालय आणि मुदत एवढ्यावर काम भागतं. ज्याची जमीन आहे त्याला मूळ पीडीएफ उघडून स्वतःचं नाव बघता येईल.

जे ऑनलाइन नाहीच, त्याचं काय? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४(२) प्रमाणे कार्यालयांनी जास्तीत जास्त माहिती आपणहून, इंटरनेटसकट, लोकांसमोर ठेवायची आहे. ठेवली नसेल तर दहा रुपयांचा अर्ज. राज्याचं ऑनलाइन आरटीआय पोर्टल आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून फाफटपसारा नको: अमुक तारखेपासून आजवर आलेल्या बांधकाम परवानगी अर्जांच्या नोंदवहीची प्रत, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. कलम २(जे) मध्ये संगणकात साठवलेली माहिती डिस्केट, फ्लॉपी किंवा इतर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळवण्याचा हक्क लिहिलेला आहे. फ्लॉपी गेली, हक्क शाबूत आहे. कागदाच्या ढीगभर झेरॉक्स घेण्याआधी ते कलम अर्जातच नमूद करावं.

आता यादी तयार आहे, दर आठवड्याला भरते आहे. ती लोकांपर्यंत कशी न्यायची? संकेतस्थळ बांधायच्या फंदात सुरुवातीला पडू नये. गावागावांत व्हॉट्सॲपचे गट आहेतच. गुरुवारी रात्री प्रोग्राम चालवावा आणि शुक्रवारच्या बाजाराआधी चार ओळींचा निरोप पाठवावा: कुठलं गाव, काय विषय, कुठल्या कार्यालयाकडे हरकत द्यायची, शेवटचा दिवस कोणता. बाजाराचा वार गावानुसार बदलेल, निरोपाचाही बदलावा. निरोप आपोआप पाठवू नये. एका माणसाने मूळ पीडीएफशी ताडून मगच पुढे सरकवावा. टेसरॅक्टने ३चा ८ केलेला असतो आणि चुकीच्या गट क्रमांकाने एखाद्या घरात रात्रभर झोप नसते.

एक रकाना शेवटी सुचवावासा वाटतो, जो ‘यूके प्लॅनिंग स्क्रेपर’मध्ये असण्याचं कारणच नाही. ग्रामसभा ठरावीक दिवसांच्या आसपास भरतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. प्रोग्रामने प्रत्येक नोटिशीसमोर पुढच्या ग्रामसभेची तारीख लिहावी आणि मुदत तिच्या आधी संपते का, ते सांगावं. समजा ३० दिवसांची नोटीस २० ऑगस्टला निघाली. मुदत १९ सप्टेंबरला संपते आणि पुढची नेहमीची ग्रामसभा २ ऑक्टोबरला. अशा ओळी लाल रंगात याव्यात, म्हणजे विशेष ग्रामसभेची मागणी सरपंच आणि ग्रामसेवकाकडे पहिल्याच आठवड्यात लेखी जाते आणि हरकतीला ठरावाची प्रत जोडता येते. पेसा गावाची सभा स्वतंत्र असेल तर तिची तारीख वेगळ्या रकान्यात. जव्हार आणि मोखाडा या दोन शहरांत ग्रामसभा नाही. तिथल्या ओळींसमोर नगरसेवकाच्या प्रभागाचा क्रमांक घालावा आणि हरकती एकेकाच्या सहीने, पोच घेऊन द्याव्यात.